अत्ताराच्या दुकानातले यवन

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या गावातली शाळा, दुपारचा इतिहासाचा तास. गुरुजी कुठल्याशा जुन्या पुस्तकातला उतारा वाचून दाखवत होते आणि त्यात दर दोन ओळींआड एक शब्द येत होता, यवन. यवनांनी अमुक केलं, यवनांची फौज तमुक ठिकाणी आली. तिसऱ्या-चौथ्यांदा तो शब्द आला तेव्हा पुढच्या बाकावरचा एक जण मागे वळून माझ्याकडे बघून हसला. मग दुसरा वळला. गुरुजींच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की त्या शब्दात मी आहे.

संध्याकाळी दादांच्या दुकानात गेलो. दादा म्हणजे माझे आजोबा. आमचं घराणं अत्तारांचं. दुकानात लाकडी फळ्यांवर चिनी मातीच्या बरण्या मांडलेल्या, त्यांत उन्नाब, बनफशा, गावजबान, ज्येष्ठमध, गुलकंद, इसबगोल. सगळ्याचा मिळून एक वास असे, तो अजून कुठे आला तर मी थांबतो. दादा पुड्या बांधत होते. मी विचारलं, "दादा, यवन म्हणजे आपण का?"

दादांनी तराजू खाली ठेवला. वरच्या फळीवरची एक बरणी काढून माझ्यासमोर धरली. तिच्यावर उर्दूत चिठ्ठी होती, जवारिश जालीनूस. पोटाच्या तक्रारीवरचं चाटण. म्हणाले, "यवन ये है, बेटा. हकीम जालीनूस, युनान का. आपन तो खाली उसकी दवा बेचते."

श्रोतेहो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस आहे. पण त्या बरणीने मला जो नाद लावला तो काही सुटला नाही. गेली चाळीस वर्षं मी या यवनांच्या मागावर आहे. आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

दादांचा जालीनूस म्हणजे गेलन. इसवीसन १२९ मध्ये पर्गमम या शहरात जन्मलेला ग्रीक वैद्य. पुढे रोमला जाऊन त्याने मार्कस ऑरेलियस या बादशहावर उपचार केले. शरीरात खून, बलगम, सफरा आणि सौदा असे चार रस असतात, त्यांचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो, ही युनानी वैद्यकाची मांडणी त्याच्याकडून आणि त्याच्याही आधीच्या बुकरातकडून, म्हणजे हिपोक्रेटिसकडून आलेली. दादा बुकरात, अरस्तू, अफलातून ही नावं अशी घेत की जणू ही गल्लीतलीच वडीलधारी माणसं. पुढे कॉलेजात साहित्यशास्त्राच्या पेपरला ॲरिस्टॉटल आला. शोकांतिकेची त्याची व्याख्या मी घोकून पाठ केली. हा ॲरिस्टॉटल म्हणजेच आपल्या दुकानातला अरस्तू, हे माझ्या ध्यानात यायला आणखी दोन वर्षं गेली. एकच माणूस माझ्याकडे दोन वाटांनी आला होता, एका वाटेने विलायतेहून आणि दुसऱ्या वाटेने बगदादहून.

आता तो शब्द. ग्रीक लोक स्वतःला हेलेनीस म्हणत. त्यांची एक शाखा आयोनियन, ती आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि त्यासमोरच्या बेटांवर राहत होती. इराणच्या सम्राटांचा पहिला संबंध याच ग्रीकांशी आला. त्यांनी साऱ्या ग्रीकांना नाव दिलं यौन. तेच आपल्याकडे यवन झालं, पालीत योन झालं, अरबीत युनान झालं. पाणिनीला यवन माहीत होते. अशोकाच्या शिलालेखात अंतियोक नावाचा योन राजा आहे. पुढे शेकडो वर्षांनी, पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही म्हणायचा हा शब्द झाला आणि फिरत फिरत माझ्या वर्गात, माझ्या बाकापाशी येऊन थांबला. म्हणजे खरा यवन शोधायचा तर आयोनियात जायला हवं. तिथलं सगळ्यांत मोठं शहर होतं मिलेटस.

हे ग्रीक म्हणजे एक देश नव्हे, एक राज्यही नव्हे. हजाराच्या घरात स्वतंत्र नगरं, भूमध्य आणि काळ्या समुद्राच्या काठाकाठाने पसरलेली. डबक्याभोवती बेडूक बसावेत तसे आपण समुद्राभोवती बसलो आहोत, अशा अर्थाचं अफलातूनने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलं आहे. प्रत्येक नगराचे कायदे वेगळे, नाणी वेगळी, भांडणं मात्र कायमची. त्यांना एकत्र बांधणारं म्हणजे भाषा, देव, ऑलिंपियासारख्या ठिकाणचे खेळ आणि होमरचं काव्य.

आणि लिपी. लिपीपाशी थोडं थांबतो, कारण माझ्या लहानपणाचा तिच्याशी संबंध आहे. सकाळी मशिदीत मौलवीसाहेब अलिफ, बे शिकवायचे आणि अकरा वाजता शाळेत बाई बाराखडी घोकून घ्यायच्या. ग्रीकांची अक्षरं अल्फा, बीटा. ती त्यांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून उचलली. हिरोडोटस तर सरळ सांगतो की ग्रीक या अक्षरांना फिनिशियन अक्षरंच म्हणत. त्याच फिनिशियन अक्षरांच्या नात्यागोत्यातून पुढे अरबी अलिफ, बे आली. फिनिशियनांच्या लिपीत फक्त व्यंजनं होती. ग्रीकांनी उसन्या घेतलेल्या काही अक्षरांना स्वरांचं काम दिलं. वाटायला लहानशी दुरुस्ती, पण तिच्यामुळे न ऐकलेला शब्दही नुसता वाचून बिनचूक उच्चारता येऊ लागला. छंदावर चालणारं काव्य कागदावर, म्हणजे पपायरसवर, जसंच्या तसं उतरलं ते त्यामुळे. उसनं घेऊन त्यात आपली भर घालणं हा त्यांचा स्वभाव होता. आणि उसनं कोणाकडून घेतलं ते सांगायला निदान हिरोडोटस तरी लाजत नाही.

तर मिलेटस. थेलीस तिथला, ॲनॅक्सिमँडर तिथला. पृथ्वी कशावर उभी आहे, सगळं कशापासून बनलं आहे, असले प्रश्न देवांच्या कथा बाजूला ठेवून विचारणारी ही माणसं. हे शहर इराणच्या सत्तेखाली होतं. इसवीसनपूर्व ४९९ मध्ये आयोनियाने बंड केलं. अथेन्सने मदतीला वीस जहाजं पाठवली आणि मग काढता पाय घेतला. बंड मोडलं. ४९४ मध्ये इराणी फौजेने मिलेटस पाडलं. बहुतेक पुरुष मारले गेले, बायकापोरं गुलाम झाली, जे उरले त्यांना पार तैग्रिसच्या मुखाजवळ नेऊन वसवलं.

यानंतर एक-दोन वर्षांत अथेन्समध्ये फ्रिनिकस नावाच्या कवीने ‘मिलेटसचा पाडाव’ हे नाटक केलं. प्रेक्षागृह रडलं. आणि मग रडणाऱ्या त्याच लोकांनी कवीला एक हजार द्राख्म दंड ठोठावला. का, तर त्याने आपल्याच माणसांच्या दुःखाची आठवण करून दिली. हे नाटक पुन्हा कोणी करायचं नाही असा हुकूमही निघाला. हे हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे. त्या शतकाच्या अखेरीला अथेन्सच्या कारागिराची मजुरी दिवसाला एक द्राख्म होती, त्यावरून दंड किती मोठा होता ते समजावं. नाटकाची संहिता आज नाही. जगाच्या इतिहासात कवीला दंड झाल्याची इतकी जुनी आणि इतकी सविस्तर नोंद माझ्या वाचनात दुसरी नाही. मला वाटतं, अथेन्सचे लोक दुःखाने जितके रडले तितकेच शरमेनेही रडले असावेत. परत फिरलेली ती वीस जहाजं त्यांना दिसली असणार.

पण हेच गाव वीस वर्षांनी काय करतं पाहा. मधल्या काळात इराणशी मॅरेथॉनची लढाई झाली, ४९० मध्ये. मग ४८० मध्ये इराणच्या सम्राटाने, झर्क्सिसने, खुद्द अथेन्स जाळलं, मंदिरं जाळली, आणि त्याच वर्षी सॅलमिसच्या सामुद्रधुनीत त्याच्या आरमाराचा धुव्वा उडाला. मॅरेथॉनवर लढलेल्यांत एस्किलस नावाचा कवी होता. त्याचा सख्खा भाऊ त्या किनाऱ्यावर पडला. अशा माणसाने ४७२ मध्ये या युद्धावर नाटक लिहिलं. आपल्याला वाटेल, विजयाचा पोवाडा असणार. नाटकाचं नाव ‘इराणी लोक’. प्रसंग घडतो तो शत्रूच्या राजधानीत, सूसामध्ये. रंगभूमीवर एकही ग्रीक पात्र नाही, संपूर्ण नाटकात एकाही ग्रीक वीराचं नाव नाही. आहेत ते इराणचे म्हातारे दरबारी, लढाईवर गेलेल्या मुलाची वाट पाहणारी झर्क्सिसची आई, कबरीतून उठून आलेला त्याचा बाप दारयवहू, आणि शेवटी फाटक्या कपड्यांत परतलेला झर्क्सिस. दूत येतो आणि मेलेल्यांची नावं एकेक करून सांगतो. ती नावं इराणी. ऐकणारे अथेन्सचे, ज्यांची घरं आठच वर्षांपूर्वी या लोकांनी जाळली होती.

या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. त्याचा खर्च उचलला होता पेरिक्लिस नावाच्या विशीतल्या एका श्रीमंत तरुणाने.

इथे त्या नाटकांची पद्धत सांगायला हवी. डायोनिसस देवाचा वसंतातला उत्सव. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर, सकाळपासून नाटकं. नट सगळे पुरुष, चेहऱ्यावर मुखवटे, बायकांचं कामही पुरुषच करत. गाणाऱ्या-नाचणाऱ्या कोरसचा खर्च श्रीमंत नागरिकाने करायचा, तो एक प्रकारचा करच. तीन कवींची स्पर्धा, परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडलेले. आमच्याकडे उरुसात कव्वाल्यांचे मुकाबले रात्रभर चालतात, त्याची मला आठवण होते. फरक एवढाच की तिथे राज्यकारभार करणारी माणसं आणि प्रेक्षक ही एकच माणसं होती. आज नाटक पाहिलेला माणूस महिन्याभरात सभेत हात वर करून युद्ध पुकारत होता.

अथेन्सच्या लोकशाहीचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो आणि ते खोटं नाही. निक्स नावाच्या टेकडीवर सभा भरायची, कोणीही नागरिक उठून बोलू शकायचा. बहुतेक अधिकारपदं निवडणुकीने नव्हे, चिठ्ठ्या टाकून भरली जात, म्हणजे चांभारालाही पाळी येई. न्यायनिवाडा करायला दरवर्षी सहा हजार नागरिकांची यादी होई आणि गरिबाला दिवसाची कमाई बुडवून यावं लागू नये म्हणून पेरिक्लिसने त्यांना भत्ता सुरू केला. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. त्यानंतर बराच काळ जगात कुठे चांभाराला कोणी भत्ता देऊन न्यायासनावर बसवलेलं नाही.

पण नागरिक कोण? बाई नाही. लॉरियमच्या चांदीच्या खाणीत दिव्याच्या उजेडात गुडघ्यांवर काम करणारे गुलाम नाहीत, ज्यांनी खणलेल्या चांदीतून सॅलमिसची जहाजं उभी राहिली. आणि तिसरा एक वर्ग होता, मेटिक. याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. राहणारा, पण इथला नसलेला. कदाचित बाप इथे जन्मला, आजा इथे जन्मला, तरी इथला नसलेला. मेटिकने वर्षाला बारा द्राख्म कर भरायचा, कोणी नागरिक जामीन म्हणून दाखवायचा, जमीन किंवा घर विकत घ्यायचं नाही. लढाई आली की मात्र ढाल घेऊन रांगेत उभं राहायचं. अक्रोपोलिसवरच्या एरेक्थियम मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत नागरिक, मेटिक आणि गुलाम एकाच कामावर आहेत, मजुरी तिघांनाही सारखीच, रोज एक द्राख्म, आणि मेटिकांची संख्या नागरिकांपेक्षा जास्त. देऊळ सगळ्यांनी बांधलं, सभा काहींची.

मोठमोठी माणसं मेटिक होती. दादांचा अरस्तू मेटिक. अथेन्समध्ये त्याने स्वतःची विद्यापीठासारखी शाळा चालवली, पण मत द्यायचा अधिकार त्याला कधी नव्हता. आदर्श राज्य कसं असावं यावरचा अफलातूनचा ग्रंथ म्हणजे एका रात्रीच्या गप्पा आहेत, आणि त्या गप्पा घडतात बंदरावरच्या एका मेटिकाच्या घरी. यजमान पोलेमार्कस. पुढे ४०४ मध्ये अथेन्स युद्धात हरलं आणि तीस जणांचं जुलमी राज्य आलं, तेव्हा या पोलेमार्कसला पकडून हेमलॉकचं विष दिलं. दोष हा की त्याच्याकडे पैसा होता आणि पाठीशी कोणी नव्हतं. भाऊ लिसियस पळाला म्हणून वाचला. ज्या बैठकीत न्याय म्हणजे काय याची चर्चा रंगली तिच्या यजमानाचं हे झालं. त्या ग्रंथात कवींना राज्याबाहेर काढा असंही म्हटलं आहे. आणि गंमत म्हणजे, मुशायऱ्यात एखादा शेर जमला की आपला मराठी श्रोता दाद देतो, "अफलातून!" कवीला हद्दपार करायला निघालेल्या माणसाचंच नाव घेऊन.

आता पेरिक्लिसकडे येतो. नाटकाचा खर्च करणारा तो तरुण पुढे अथेन्सचा सर्वांत मोठा पुढारी झाला. ४५१ मध्ये त्याने एक कायदा केला. आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तोच नागरिक. आधी बाप असला की पुरे होतं. सहा वर्षांनी इजिप्तच्या एका राजाने अथेन्सला धान्य भेट पाठवलं. नागरिकांना वाटायचं म्हणजे नागरिक कोण ते तपासणं आलं. वंशावळ्या निघाल्या, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर बोट दाखवलं. प्लुटार्क आकडा देतो की पाच हजारांना थोडे कमी लोक खोटे नागरिक ठरले आणि गुलाम म्हणून विकले गेले. उरलेले खरे नागरिक चौदा हजार चाळीस. त्या वरच्या चाळिसांवर माझं लक्ष नेहमी अडतं. इतकी काटेकोर मोजणी!

कायदा करणाऱ्या पेरिक्लिसचा पहिल्या बायकोशी काडीमोड झाला होता. पुढे त्याचा जीव जडला ॲस्पेशिया नावाच्या बाईवर. बुद्धिमान, बोलण्यात अशी तयार की सॉक्रेटिससुद्धा तिच्याकडे जाऊन बसे. आणि ती होती मिलेटसची. म्हणजे यवनांच्या गावची, परकी. विनोदी नाटककारांनी तिच्यावर यथेच्छ चिखलफेक केली. दोघांना मुलगा झाला, त्याचंही नाव पेरिक्लिस ठेवलं. बापाच्याच कायद्याने तो मुलगा नागरिक होऊ शकत नव्हता.

४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटलं. ४३० मध्ये, तटबंदीच्या आत साऱ्या मुलखातली माणसं दाटीवाटीने कोंबलेली असताना, अथेन्सला साथ आली. थ्युसिडिडीस या इतिहासकाराला स्वतःला ती लागली होती आणि तो वाचला. त्याने केलेलं वर्णन कोरोनाच्या दिवसांत मी पुन्हा काढून वाचलं आणि दोन पानांनंतर मिटून ठेवलं. त्या साथीत पेरिक्लिसचे लग्नाचे दोन्ही मुलगे गेले. धाकट्याच्या कलेवरावर माळ घालताना हा कधी न रडणारा माणूस सर्वांसमोर हुंदके देऊन रडला म्हणतात. मग तो लोकांपुढे उभा राहिला आणि विनंती केली की माझ्या या मुलापुरता तो कायदा बाजूला ठेवा. लोकांना दया आली. त्यांनी ठेवला. ४२९ मध्ये पेरिक्लिसही गेला. विकल्या गेलेल्या त्या पाच हजारांतही कोणाचे तरी मुलगे होतेच, हे त्या सभेत कोणाला आठवलं असेल का, मला सांगता येत नाही.

हा धाकटा पेरिक्लिस मोठा झाला, आरमाराचा सेनापती झाला. ४०६ मध्ये अर्गिन्युसीच्या बेटांजवळ मोठी लढाई झाली. अथेन्सजवळ वल्ही मारायला माणसं पुरेनात म्हणून गुलाम घेतले, त्यांना स्वातंत्र्य देऊ केलं. लढाई जिंकली. पण लगेच वादळ आलं, आणि फुटलेल्या जहाजांना धरून तरंगणाऱ्या माणसांना वाचवता आलं नाही, मेलेल्यांची प्रेतंही काढता आली नाहीत. गावात संताप उसळला. आठ सेनापतींवर एकत्रच, एकाच मताने खटला चालवायचा ठराव आला. हे बेकायदेशीर होतं, प्रत्येकाचा वेगळा न्याय व्हायला हवा होता. कोणी तसं म्हणताच गर्दी ओरडली की लोकांना हवं ते करू देत नाहीत म्हणजे काय! सभेचं काम पाहणाऱ्या मंडळात त्या दिवशी चिठ्ठीने ज्यांची पाळी आली होती त्यांत सॉक्रेटिस होता. बाकीचे घाबरून गप्प झाले. तो म्हणाला, कायद्याबाहेरचं मी काही करणार नाही. त्याचं कोणी ऐकलं नाही. गावात हजर असलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. त्यांत मिलेटसच्या बाईचा तो मुलगा होता. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला, तो व्हायचाच. सात वर्षांनी, ३९९ मध्ये, सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसलाही याच लोकांनी विषाचा पेला दिला.

कवींनी या सगळ्या काळात काय केलं? एक उदाहरण पुरे. ४१६ मध्ये मेलोस या लहानशा बेटाने अथेन्सच्या बाजूला यायला नकार दिला, तेव्हा अथेन्सने तिथले सगळे प्रौढ पुरुष मारले आणि बायकामुलांना गुलाम केलं. जे इराण्यांनी मिलेटसचं केलं होतं, तेच. पुढच्या वसंतात, ४१५ मध्ये, युरिपिडीसने ‘ट्रॉयच्या बायका’ हे नाटक आणलं. जिंकलेले ग्रीक, जळणारं ट्रॉय, गुलाम म्हणून वाटून दिल्या जाणाऱ्या बायका, आणि तटावरून खाली फेकलेलं एक लहान मूल. मेलोसचं नाव नाटकात नाही, ते असायचं कारणही नव्हतं. या वेळी अथेन्सने कवीला दंड केला नाही, दुसरं बक्षीस दिलं. आणि काही महिन्यांत सिसिली जिंकायला आरमार रवाना केलं. ते आरमार परत आलं नाही.

ग्रीकांचा वारसा म्हणजे शिल्पं, खांब, भूमितीची प्रमेयं, हे खरंच आहे. पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती ही गोष्ट, की आपल्या गावाचा गुन्हा गावाच्याच उत्सवात, गावाच्याच पैशाने, गावापुढे मांडता येत होता. त्याने गाव सुधारलं असं मात्र म्हणता येत नाही.

आता शेवटचा टप्पा, बगदादहून माझ्या दादांपर्यंतचा. नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या काळात ग्रीक ग्रंथ अरबीत आणायची मोठी लाट आली. त्यात हुनैन इब्न इसहाक हा सर्वांत थोर. धर्माने ख्रिस्ती, पेशाने हकीम. एका ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती जमवायच्या, ताडून पाहायच्या, मगच भाषांतर करायचं, ही त्याची शिस्त. जालीनूसच्या १२९ ग्रंथांची त्याने यादी करून ठेवली, कोणता कोणी आणि कोणासाठी भाषांतरित केला या तपशिलासकट. त्याच्या बरोबरीने नाव घ्यावं असा साबित इब्न कुर्रा हा हर्रानच्या ताऱ्यांची पूजा करणाऱ्या पंथाचा. ख्रिस्ती, ताऱ्यांचा पूजक आणि मुसलमान आश्रयदाते मिळून मूर्तिपूजक ग्रीकांची पुस्तकं वाचवत होते.

पण त्यांनी होमर पूर्ण आणला नाही, आणि एस्किलस, युरिपिडीस तर आणलेच नाहीत. अरस्तूचं काव्यशास्त्र मात्र आणलं. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता याने ते सिरियाक भाषेतून अरबीत केलं. त्याने नाटक कधी पाहिलेलं नव्हतं. शोकांतिका म्हणजे काय, सुखांतिका म्हणजे काय? त्याने शब्द योजले मदीह आणि हिजा. स्तुतिकाव्य आणि निंदाकाव्य. अरबी कवितेत त्याच्या ओळखीच्या दोन मोठ्या जाती त्या होत्या. बाराव्या शतकात कॉर्डोबाच्या इब्न रुश्दने, अरस्तूच्या सर्वांत मोठ्या भाष्यकाराने, त्याच आधारावर शोकांतिकेचं विवेचन केलं, आणि १२५६ मध्ये टोलेडोत ते लॅटिनमध्ये जाऊन युरोपनेही बराच काळ तेच वाचलं. मला याचं हसू येत नाही, वाईट वाटतं. राजाची तारीफ करायची कला दरबारात आम्ही खूप शिकलो. शत्रूच्या आईला रंगभूमीवर आणून आपल्याच माणसांना रडवायची कला त्या एका शब्दाच्या चुकीत हातातून निसटली.

बाकी पुष्कळ आलं. आपण वापरतो ती कलम मूळची ग्रीक, अरबीतून आलेली. किमया ग्रीक. संगमरवरातला मरवर ग्रीक. ज्योतिषातलं केंद्र आणि होरा ग्रीक, हे थेट संस्कृतात आले. दाम हा शब्द द्राख्मचा नातू. फ्रिनिकसने हजार दाम भरले असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी मी नाशिकला पांडवलेणी पाहायला गेलो होतो, हातात शिलालेखांच्या भाषांतराचं पुस्तक घेऊन. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचा. त्यात त्याला शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा म्हटलं आहे. तिथून थोडं पुढे गेलं की सतरावं लेणं. ते दिलं आहे एका यवनाने. लेखात त्याचा शब्द योनक. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. लेणं, आत चैत्य आणि पाण्याची टाकी, हे सारं आईवडिलांसाठी, मुलगा धम्मरखित याच्यासह, भिक्षुसंघाला दिलं आहे. कार्ल्याच्या चैत्यातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दिली. ही माणसं रक्ताने किती ग्रीक होती यावर विद्वानांचा वाद आहे. नाशिकच्या त्या घरात तिन्ही पिढ्यांची नावं इथली आहेत. तरी बापाने दगडावर योनक असं कोरवून घेतलं.

मी पुस्तकातून ते मोठ्याने वाचत होतो. एका शाळेची सहल आली होती. त्यातली चार-पाच पोरं जवळ येऊन उभी राहिली. एकाने विचारलं, "काका, यवन म्हणजे कोण?"

मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि मिलेटसपासून सुरुवात केली. जालीनूसच्या बरणीपर्यंत पोचलो तेवढ्यात त्यांच्या बाईंनी शिट्टी वाजवली आणि पोरं पायऱ्यांकडे पळाली.